भिंतीवरची पाचवी जागा

सोम., ६ जाने.
सोसायटीच्या खेळाच्या खोलीत भिंतीवर पाच गोलांत जगातल्या पाच महान खेळाडूंची चित्रं काढायचीत. चार ठरले. पाचवा सायकल शर्यतीवाला घ्या, मी म्हटलं. सेक्रेटरी जग्या कदम: "अण्णा, बसून पाय हलवणारा महान? मग माझी शिलाई मशीनवाली सासूपण महान!" सगळे हसले. मीही. घरी नातीला सांगितलं. सायली क्लबकडून सायकल शर्यती खेळते. "जाऊ द्या आजोबा, सवय आहे." ती सवय मला नाही आवडली. जन्मभर मार्केटात पोती वाहिली, दम कशाला म्हणतात ते मला कळतं. हा विषय सोडणार नाही.

बुध., ८
सायलीने मोबाइलवर परदेशातली तीन आठवड्यांची शर्यत दाखवली. रोज डोंगर. पडला, कातडं सोललं, परत सीटवर! ज्याला जिंकवायचं असतं तो मागे, त्याच्यापुढे दुसरा गडी वारा अंगावर घेतो. आमच्या टोळीत हातगाडीच्या पुढे दत्तू स्वतःला जुंपून घ्यायचा, तसं. दत्तूचं नाव कोणी घेतलं नाही कधी.

शुक्र., १०
जग्याशी सायकलवर चहाची पैज, आधी पोचेल तो जिंकला. दुपारी खाडीकडचा रस्ता, पुलापर्यंत. सायलीच्या दोन जुन्या सायकली. मी जोरात पुढे, तो माझ्या मागच्या चाकाला चिकटून. पूल दिसला तसा सुळकन पुढे गेला. "बघा अण्णा, घामसुद्धा नाही. कसला हा खेळ!"
घरी सायलीने कपाळाला हात लावला. "अहो, त्यांचा वारा तुम्हीच अडवलात!"
बुधवारी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी पुढे पळालो. येडाच मी.

शनि., ११
"कालचे विजेते पुढे," म्हटलं. जग्या फुशारकीत निघाला. वारा समोरून. मी मागे मजेत, त्याला सातारची जत्रा सांगत. निम्म्या वाटेत उतरलाच. पाण्याची अख्खी बाटली प्याला.
"एक शब्द बोलू नका, अण्णा."
चहा मीच पाजला.

रवि., १२
मीटिंग. सायलीला ओढून नेलं. पाचवा सायकलवाला घ्यायचा का? हात वर, सहा विरुद्ध सहा. राहिला जग्या. मान खाली. मग पेंटरला विचारतो कसा, "एका गोलात दोन माणसं बसतील? जिंकणारा, नि त्याच्या पुढे वारा खाणारा?"
"हे काय मत झालं?" कोणीतरी ओरडलं. सायली मात्र खुर्चीत ताठ बसली.
पेंटर म्हणाला, मापून उद्या सांगतो.
पोटऱ्या ठणकतायत. गोलात दोघंही बसतील. थोडं दाटीवाटीने, पण बसतील.