स्टँडवरून माघारी

जळगाव, ता. ९ मार्च १९५६

तीर्थरूप अक्काला कुंदाचा नमस्कार.

मी बरी आहे. डाळगिरणीत रोज काम मिळतं. ह्यांनी मोडलेला हात जुळलाय, भाकरी थापता येते. आईचा खोकला थांबला का?

सोमवारी गिरणीच्या दारात हे उभे होते. फार वाळलेत गं. म्हणाले, "व्हयनं ते व्हयनं, आते घर चाल." मला भरून आलं. मी ट्रंक भरली. एसटी स्टँडवर पोचायला जरा उशीर झाला, तर त्यांचा हात उठला. लोक बघत होते म्हणून खाली आला. मी ट्रंक घेऊन तशीच माघारी फिरले.

अजून जीव तिकडे ओढतो, अक्का. फार थकले. उद्या "परत जाते" असं माझंच पत्र आलं, तरी मला जाऊ देऊ नकोस.

तुझी,
कुंदा