चकतीला लावलेलं तेल

प्रेम नगर, झाशी
८ ऑक्टोबर

चि. चैतन्य,

आत्याचे भरभरून आशीर्वाद. साताऱ्यात वेळेवर जेवतोस ना? इकडे सगळं ठीक. म्हणजे, तसं ठीकच.

फोनवर विचारलंस, रोड सायकलला डिस्क ब्रेक घेण्यात अर्थ आहे का. माझी शाळा चौथीपर्यंत, पण सायकल जन्मभर चालवली, म्हणून सांगते. आपल्या झाशीत रिमला धरणारे साधे रबरी ब्रेक पुष्कळ झाले. वजनाला हलके, आणि बिघडले तर जवळच्या चिरगाँव खेड्याच्या बसअड्ड्यावरसुद्धा कोणी नीट करून देईल. पण तू सायकल सहलींच्या लोकांना घेऊन घाट उतरतोस, तेही पावसात. ओल्या रिमवर रबर घसरतं, लांब उतारावर रिम तापते. तुला डिस्कच हवी. घे बिनधास्त.

आत्याला हे कुणी शिकवलं, म्हणशील. तुझ्या बाबांनी. तू रेल्वेची नोकरी सोडलीस तेव्हापासून तुझं नाव काढत नाहीत, आणि गेल्या महिन्यात डिस्कवाली सायकल घेऊन दारात उभे! म्हटलं, "दादा, या वयात?" तर म्हणे, "पोरगं कशाला भुललंय, बघू तरी."

आता पुढचं सांगते, घाबरू नकोस. खंडेनवमीला त्यांनी नेहमीसारखे पाने-हातोड्या मांडून पुजल्या, सायकलही पुजली. हळदकुंकू वाहिलं, आणि गंजू नयेत म्हणून डिस्कच्या दोन्ही चकत्यांवरून तेलाचा हात फिरवला. दसऱ्याला सोनं द्यायला निघाले. कोपऱ्यावर ब्रेक दाबला, तो लागेचना. थेट भाजीच्या ठेल्यात! उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आहे, दुखणं उतरतंय.

मी धावत पोचले तेव्हा सायकलच्या दुकानातले भैया त्यांना उठवत होते. "बाबूजी, डिस्क पे तेल कौन लगाता है?"

"जिसका लड़का घर पे नहीं होता," बाबा म्हणाले.

भैया म्हणतात, चकत्या स्पिरिटने पुसून, तेल प्यायलेले ब्रेकचे पॅड बदलावे लागतील. ते करायलाही तयार होते. बाबांनी हात लावू दिला नाही. सायकल अंगणात तशीच उभी आहे. येताना पॅड घेऊन ये.

पाकिटावरचा पत्ता वेडावाकडा दिसेल, हसू नकोस. माझ्या हातातलं पाकीट ओढून घेऊन त्यांनी तो डाव्या हाताने लिहिलाय.

तुझी, आणि त्यांचीही,
अनुसूया आत्या