अडलेली नोंद

सोमवार, ३ मार्च
माझ्या आधीच्या गृहस्थांनी कागदावर एक अक्षर ठेवलेलं नाही, म्हणून ही रोजनिशी लिहिणं भाग आहे. तीस वर्षं डेटाबेस सांभाळले, निवृत्त झाले, आणि या रुग्णालयाने मला पुन्हा कामाला जुंपलं. खुशीत आहे. तळघरातली खोली गार, खुर्ची नवी. थोरली बहीण वरच्याच मजल्यावर, गुडघा बदलून घ्यायला दाखल झाली आहे. भेटायला गेले तर म्हणाली, "आलीस? आता त्या यंत्राचीही शाळा घे."

दुखणं एवढंच: रुग्णांच्या नोंदींचा सर्व्हर दुपारी पावणेचारला कोसळतो.

बुधवार, ५ मार्च
मेमरी बदलली. डिस्क तपासली, निर्दोष. वीजपुरवठा नीट. तरीही पावणेचारला आडवा. लॉगमधली शेवटची ओळ एका रुग्णाच्या नोंदीची. ती वाचतानाच अडतो. अधीक्षकांनी इथली रीत सांगितली: अडलेली नोंद वगळायची, की चालू. अशी ठिगळं मला पटत नाहीत. पण वर औषधं खोळंबली होती. वगळली. सर्व्हर निमूट सुरू झाला.

शुक्रवार, ७ मार्च
पुन्हा तेच, नोंद वेगळी. चार वाजून पाच मिनिटांनी वगळली.

संध्याकाळी मेट्रन चहाला खाली आल्या, पाय ओढत. बारा नंबरचे काका उद्या घरी जायचे होते, पिशवी भरून बसलेले. बसल्या बसल्या गेले म्हणाल्या. किती वाजता, ते विचारलं. चार वाजून पाच. नोंदीचा क्रमांक ताडून पाहिला. त्यांचाच.

बुधवारी वगळलेली नोंद एका बाईची होती; तीही त्याच वेळी गेली आहे. योगायोग म्हणावं, तर योगायोगाला वेळ पाळायची सवय नसते.

शनिवार, ८ मार्च
कोसळला. अडलेली नोंद ताईची.

वगळली नाही. दुसऱ्या यंत्रावर सगळं हलवलं, त्याच ओळीवर बंद. मग पंधरा दिवसांपूर्वीची राखीव प्रत लावली. ताई तेव्हा दाखलच झाली नव्हती. तरी ओळ आहे. तिचीच.

रविवार, ९ मार्च
बंदच. वर सगळं कागदावर चाललंय. अधीक्षक म्हणाले, "अहो बाई, एक ओळ तर आहे! नंतर पुन्हा टाकू." कारण सांगितलं. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

पासवर्ड मी बदललाय. तो पाकिटात बंद, माझ्याकडेच राहील.

सोमवार, १० मार्च
ताईला घरी नेते म्हटलं. टाके ओले आहेत, हलवायचं नाही. ती म्हणते, डोळे बघ तुझे, आजारी मी की तू?

शनिवारपासून पाठ टेकलेली नाही. कागदाच्या घोळात आज एका मुलीला दुसरीचं इंजेक्शन दिलं जाणार होतं. मेट्रननी हात धरला म्हणून टळलं. मलाही कळतं. पण ओळ वगळणार नाही.

मंगळवार, ११ मार्च
काढलं मला. नवा माणूस आलाय, तरतरीत. चार वाजेपर्यंत ताबा द्यायचा. पासवर्ड सोडून सगळं देईन.

दुपारी — ताबा यादी, छापील.
तळघराच्या चाव्या, तीन — दिल्या.
सुट्या डिस्का, दोन — दिल्या.
पासवर्डचं पाकीट, एक — दिलं.
सही घेतली. ३:५२.

पाकीट द्यायचं नव्हतं. डोळे मिटत होते — यादीत छापलेलं होतं, त्याने हात पुढे केला, आणि मी — तीस वर्षांत अर्धवट ताबा कधी दिला नाही —

जिन्यात बसले आहे. खाली दार आतून लावलंय. ठोठावलं. तो म्हणाला, झालंच बाई, एकच ओळ होती —

पंखे सुरू झाले.

मेट्रन वरून मला हाका मारतायत — माझ्या नावाने, कधी मारत नाहीत —

दिलं ते नीट लिहिते. चाव्या, तीन. डिस्का, दोन. पाकीट, एक. थोरली बहीण,