अंथरूण अजून गरम होतं

३ जून
आजपासून शोधपथकात रुजू झाले! खिडकीजवळचं टेबल, कोरा करकरीत हेडफोन. बाजारातला स्फोट घडवणारा म्होरक्या, ज्याला त्याची माणसं ‘मास्तर’ म्हणतात, त्याच्या धमक्यांच्या टेप ऐकायच्या आणि बोलण्यामागचे आवाज टिपायचे, हे माझं काम. त्या स्फोटात माझा दादा गेला. साहेब म्हणाले, राग घरी ठेवून येत जा. मी मान डोलावली.

१९ जून
सापडलं! टेपमध्ये मागे लाकूड कापणारी करवत आणि शाळेची घंटा. वखारीला लागून शाळा, अशी गल्ली शहरात एकच. दुपारी पथक गेलं. घर रिकामं. अंथरूण अजून गरम होतं.

२ जुलै
दुसरा पत्ताही मीच काढला. ताटातल्या जेवणाला वाफ होती, जेवणारा पसार. निघेपर्यंत पत्ता साहेबांना, मला आणि पथकाच्या ड्रायव्हरकाकांनाच ठाऊक होता. साहेब म्हणे, योगायोग. डोंबलाचा योगायोग! खाली जिन्यात मेलेल्यांचे आईबाप अर्ज घेऊन ताटकळतात, आणि आम्ही अंथरुणं चाचपतोय.

५ जुलै
काकांनी आज तोंड उघडलं. निघण्याआधी साहेब दर वेळी बाजूला जाऊन एक फोन करतात. इतके दिवस गप्प का, विचारलं. म्हणाले, पोरी, मलाही घरदार आहे. अंगाची लाही लाही झाली. वरच्या कचेरीत साहेबांविरुद्ध लेखी तक्रार देऊन आले.

६ जुलै
माझी तक्रार साहेबांच्याच टेबलावर! पेपरवेट ठेवलाय वर. आणि काका कालपासून घरी पोचलेले नाहीत.

७ जुलै, सकाळी ११
नवी टेप. मास्तर शांतपणे बोलतोय. करवत नाही, घंटा नाही. मग मागून एक बाई विचारते, अजून थोडं वाढू का?
आई.

११.१०
घरी फोन केला. आई म्हणाली, तुझ्या ऑफिसातले एक जण कालही आले होते, आजही आलेत, किती मायेनं बोलतात. मी ओरडले, आई, बाहेर पळ, तो मास्तर — फोन त्यानं घेतला. म्हणाला, तक्रार मागे घे. मागून आई किंचाळली, घेऊ नकोस, तुला दादाची शपथ —

११.१५
घराजवळच्या पोलीस चौकीला फोन. ते म्हणतात, तुमच्या साहेबांनी आधीच कळवलंय, मुलीचं डोकं फिरलंय, लक्ष देऊ नका.
नालायक. सगळे —

११.२०
कडी लावली. साहेब दार ठोठावतायत. गोड बोलतायत.
मागे घेणार नाही. आई, नाही घेणार —
बिजागरी निघाली. ज्याला ही वही मिळेल त्यानं वाचावं. साहेबांचं पूर्ण नाव लिहून ठेवते. त्यांचं नाव —