बचतीचा रकाना

१ जानेवारी, सकाळी ७
नवी डायरी. म्हणजे जुनी, पण कोरी. अकरा वर्षांपूर्वीची आहे, मात्र वार यंदाच्या तारखांशी तंतोतंत जुळतात. कॅलेंडर शेजारी ठेवून तपासलं. आधीच्या मालकाने ४ जानेवारीला ‘दात, ५ वाजता’ एवढंच लिहून पुढचं वर्ष सोडून दिलंय. नवी डायरी अडीचशेला पडली असती, ही वीसला मिळाली. वर्षाची सुरुवातच फायद्यात.

संकल्प: जुन्या वस्तूंच्या खरेदीवर वर्षाला जास्तीत जास्त सहा हजार. कपाटात बोनसचे चोवीस आहेत. उरलेल्या अठरा हजारांत बायकोला नवं शिलाई मशीन, वर्ष संपायच्या आत. ती शेजारपाजारचं शिवणकाम करते आणि तिचं मशीन टाके सोडतं. प्रत्येक शिवण दोनदा मारते बिचारी. तिला संकल्प सांगितला.

"नवं म्हणजे दुकानातलं नवं ना?" तिने विचारलं.

अर्थात, म्हटलं. तर म्हणाली, वरचं प्लास्टिक मी सोलणार, कोणी हात लावायचा नाही. बावीस वर्षांत या घरात आलेली प्रत्येक वस्तू आधीच कोणीतरी सोललेली होती म्हणे. माणूस कशात काय धरून बसेल, सांगता येत नाही.

४ जानेवारी
दोन रकाने आखले. ‘खर्च’ आणि ‘बचत’. नव्याच्या किमतीतून जुन्याची वजा केली की बचत. खर्चातून बचत वजा केली की खरा खर्च. एकोणीस वर्षं ऑडिटला आहे. ऑफिसात कोणी असा हिशेब दाखवला तर मी लाल पेनने गोल करतो. पण तिथे लोकांची नियत वाईट असते.

आज माझाही दात दुखतोय. योगायोग.

२२ फेब्रुवारी
प्रोफेसरकडे गेलो होतो, नुसतं बघायला. (जुन्या सामानाचा दुकानदार. चष्मा दोरीने गळ्यात अडकवतो आणि किंमत विचारली की आधी वस्तूचा इतिहास सांगतो.) न्हाव्याची खुर्ची घेतली. लोखंडी, मागे कलणारी. खर्च १,८००. बचत १२,२००.

यात बसणार कोण, मुलीने विचारलं. बसून दाखवलं. खुर्ची कलली ती वर येईना. खटका पाठीमागे आहे, बसणाऱ्याचा हात पोचत नाही. शेवटी मायलेकींनी मिळून ओढला. न्हाव्यासाठी बनवलेली असल्याने डिझाइन बरोबरच आहे. मागच्या खोलीत ठेवली.

१५ मार्च
कुलूपबंद सुटकेस. दीडशे. किल्ली नाही, पण आत काहीतरी खुळखुळतं. जे निघेल तो निव्वळ नफा.

१६ मार्च
किल्लीवाल्याने दोनशे घेतले. आत किल्ली निघाली. त्याच सुटकेसची.

९ मे
लायब्ररीची चाकांची शिडी. नऊशे. आपल्याकडे शेल्फ एकच आहे आणि त्याला हात पोचतो, असं मुलीचं म्हणणं. ही पिढी पुढचा विचारच करत नाही.

सहा हजारांची मर्यादा ओलांडली, पण फक्त एका रकान्यात. खरा खर्च उणे एकेचाळीस हजार. एका अर्थी प्रोफेसरच माझं देणं लागतो.

३ ऑगस्ट
हिला चाळीस गणवेशांची ऑर्डर मिळाली. मशीन आत्ताच घेऊ या का, म्हणाली. वर्ष पूर्ण होऊ दे, म्हटलं, संकल्प म्हणजे संकल्प. तिची खात्री पटावी म्हणून डायरी दाखवली. ती बराच वेळ बचतीचा आकडा बघत होती. मग शिवायला बसली. प्रत्येक शिवण दोनदा. चहा केला आणि तिला नेऊन दिला.

१२ नोव्हेंबर
कपाटात चार हजार तीनशे निघाले. दोनदा मोजले. चोरीची शक्यता तपासली. कुलूप शाबूत आहे.

बचतीचा रकाना १,१२,०००.

६ डिसेंबर
मार्ग सापडला. प्रोफेसरकडे शिलाई मशीन आलंय. हिला हवं तेच मॉडेल, चकाचक, साडेतीन हजार. ओळखता येणार नाही. सोफ्याच्या दुकानातून प्लास्टिक मागून आणलं आणि मशीन मापात गुंडाळलं. कडेला पट्ट्याही लावल्या. तिला सोलायचंय ना, तिचा शब्द राखला.

७ डिसेंबर
तिने हात धुतले, पुसले, मग सोलायला बसली. मुलीला शेजारी बसवलं. प्लास्टिक फाटू न देता, हळूहळू. इतकी हसताना मी तिला फार दिवसांनी पाहिली. मग तिने सुईखालची धातूची पट्टी सरकवली. बॉबिनवर लाल दोरा होता, अर्धा वापरलेला.

"हा कोणाचा?"

कंपनीवाले तपासून पाठवतात, म्हटलं. तिने सगळा दोरा उलगडला, बोटाला गुंडाळला आणि माझ्यापुढे ठेवून उठली.

माझं चुकलं. हे कुठल्या रकान्यात घालायचं, कळत नाही.

२० डिसेंबर
ती तेरा दिवसांनी बोलली. "ती डायरीतली बचत काढून द्या."

सगळं सामान हातगाडीवर घालून प्रोफेसरकडे. शिडी, सुटकेस, ते मशीन, सगळं. एकोणीसशे दिले. खुर्ची मात्र घेईना. मग तिचा इतिहास सांगितला: ती त्याने तीनदा विकलीय आणि तिन्हीदा परत आलीय, आता चौथ्यांदा नको. खुर्ची घेऊन परत. हातगाडीचे दीडशे.

एकोणीसशे तिच्यापुढे ठेवले. तिने न मोजता घेतले.

३१ डिसेंबर, दुपारी ४
मशीन आलं. दुकानातलं. गणवेशांच्या पैशांतून तिने घेतलं. माझे एकोणीसशे त्यात आहेत.

मला बोलावतील म्हणून मागच्या खोलीत तयार होऊन बसलो. बसायला इथे तेवढी एकच जागा उरलीय. कलली.

पुढच्या खोलीतून प्लास्टिक सोलल्याचा आवाज आला. मुलीने विचारलं, बाबांना बोलवू का.

"बसू देत त्यांना," ही म्हणाली.

आडवं पडून पेनाची शाई चढत नाही, म्हणून पेन्सिलने लिहितोय. वर्षाचा खर्च, हातगाडी धरून, तेवीस हजार साडेतीनशे. बचतीचा रकाना खोडून काढला. मशीन सुरू झालंय. एकसुरी चालतंय, एकही टाका सुटत नाही, इथूनसुद्धा कळतं. ती प्रत्येक शिवण एकदाच मारतेय.

दोनदा हाक मारली. मशीनच्या आवाजात ऐकू गेली नसावी. थांबली की पुन्हा मारेन.