केशव नावाचा उखाणा

लोणावळे, १२ जानेवारी १९३६

तीर्थरूप आईस, इंदिरेचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

येत्या शनिवारी आम्ही शिक्षिका एका नामवंत नाटककारांचं पहिलं, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं प्रहसन करतोय. बायकांना सभागृह प्रथमच मिळालंय. फसलं तर पुन्हा मिळायचं नाही.

अडलंय ते एका नावावर. नायक केशव, आणि नायिका झालेल्या चंद्रिकाबाईंचे यजमानही केशवच. सगळी गंमत बायकोने नवऱ्याला नावाने हाक मारण्यात आहे, आणि या नुसतं "अहो" म्हणतात. नाटक बसवतेय मी, आणि नाटकातलं नाव बदलायचं नाही, म्हणून हटून बसले होते. शेवटी शाळेत झाडलोट करणाऱ्या रतनबाई म्हणाल्या, "उखाण्यात घ्या की नाव. तितं कोन लाजतंय?"

चंद्रिकाबाई लगेच तयार झाल्या. पण मला बिनलग्नाचीला एक ओळ जुळेना. बी.ए.ला हे शिकवत नाहीत, आई. हळदीकुंकवाला सगळी आळी तुझे उखाणे ऐकायला थांबते. एक झकास रच, अनंतदादाकडून लिहून घे आणि उलट टपाली पाठव.

तो चंद्रिकाबाईंसाठी आहे, हे मात्र बाबांना आधीच सांग.

तुझी,
इंदिरा