बंगल्यातल्या वहीत पोरीचं गानं

माय,

तुले जाऊन तेरा वर्षं झाले. मी दुसरीपर्यंत शिकली, अक्षरं वाकडे येतेत, पन घरात कोनाशी बोलता येत नाई म्हनून लिहून राह्यली. पोरगी दोन दिवसांपासून तापली हाय, अन् ते माह्यामुळंच झालं असं वाटून राह्यलं.

लेकराले दात येईस्तोर त्याचं पाळन्याचं गानं घराभाईर म्हनू नाई, हे तूच सांगे. मी तान्ह्या भावाचं गानं विहिरीवर गुनगुनली, तं तू ओल्या हातानं पाठीत धपाटा देल्ला होता. "कोनी नेलं तं लेकरू झोपंल कशावर?"

मी इथी आलापल्लीत जंगलसाहेबाच्या बंगल्यात भांडे घासते. साहेबाची बाई नागपूरची, पेटी वाजवते, तिच्यापाशी चावी देऊन गाने वाजवनारा फोनो हाय. परवा तिनं रशियातल्या कोन्या संगीतवाल्याचा तवा त्याच्यावर लावला. पचास मानसं मिळून वाजवत होते. मले सांगे, हा लहान असताना याची दाई याले खेड्यातले गाने म्हने, अन् हा तांब्याचे भांडे ठोकून देवळाच्या घंटा करे. मोठेपनी इटली, स्पेन, कुठी कुठी फिरला. तिथी एका खेचरवाल्याचं गानं ऐकून लिहून घेतलं. ते सारं याच्या वाजवन्यात आलं.

मी म्हनलं, "बाई, खेचरवाल्यानं देल्लं कसं?"

बाई हासली. "अगं, दिल्यानं गाणं संपतं का?"

तेवढ्यात पोरगी ओसरीवर रडली. माहे हात राखेचे, म्हनून मी बसल्या जागी तिच्या पाळन्याचं गानं म्हनलं, तू माह्यासाठी म्हने तेच. मांगं पाह्यते तं बाई वहीत लिहून राह्यली. त्याच सांजेले ताप आला. घरी पोरीचा बाप मजाकीत म्हनते, "लेकराची झोप बंगल्यात ठेवून आली का?" पोरीले मांडीवर घेऊन गाऊ लागली, तं तिसरी ओळच येईना. किती डाव पाह्यलं, येईना.

आज सकाळी पोरीले गुंडाळून बंगल्यावर गेली. "बाई, माह्यं पान द्या." तिनं काऊन म्हनून इचारलं नाई. पान फाडून देल्लं, पोरीच्या कपाळाले हात लावला. "आधी दवाखान्यात ने हिला."

पानावर आडव्या रेघा, वर मोहरी सांडल्यावानी काळे ठिपके; बाई म्हने, हेच सूर. म्या म्हनलं, "एक डाव वाजवा." तिनं पेटीवर वाजवलं. तिसरी ओळ आली, माय. तू थकली असली का आवाज जिथी खाली सोडे, तिथीच सुटला. मंग पान तिच्या हातात देल्लं. "तुमच्यापाशीच राहू द्या." बाईनं टाक उचलला. "कोणाचं म्हणून लिहू?"

तिथून दवाखान्यात गेली. डाक्टरनं गोळ्या देल्ल्या. ताप अजून हाय, दर घडीले हात लावून पाह्यते. हे पत्र कुठी टाकनार नाई, म्हनून सांगते. तुह्यं नाव तोंडावर आलं होतं. मी माह्यं सांगतलं. भेवानं नाई वो माय, हौसेनं.